गुडघ्याची गोळी आणि घरातले तेल

इंदूरच्या एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश असा: सासूबाईंचे वय 72, दोन्ही गुडघ्यांची झीज. डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी त्या वर्षभर सकाळ-संध्याकाळ घेत आहेत. पहिली चिठ्ठी डॉक्टरांची होती. आता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रिकामी स्ट्रिप दाखवली की काम भागते. रक्तदाबासाठी त्यांना टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध चालू आहे. सासऱ्यांना स्टेंट बसवलेला असून ते रोज 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतात आणि कंबर धरली की घरात पडलेली आयब्युप्रोफेनची गोळीही घेतात. दिवाळीत आलेल्या, इंजिनियर असलेल्या धाकट्या दिरांनी सर्वांना असे समजावले की, खाद्यतेलातील ओमेगा-6 पासून शरीरात प्रोस्टाग्लॅन्डिने तयार होतात आणि तीच सगळ्या सुजेचे मूळ असतात; म्हणून तेल-तूप थांबवावे, जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू कराव्यात आणि ती ‘विषारी’ गोळी बंद करावी. तेव्हापासून घरात पाण्याची फोडणी चालू आहे. सासूबाई धड जेवत नाहीत आणि गोळी चुकली तर जिना चढू शकत नाहीत. भगिनी विचारतात, “ही प्रोस्टाग्लॅन्डिने इतकी घातक असतील तर शरीर ती बनवतेच कशाला? आणि आम्ही बंद काय करायचे, तेल की गोळी?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचा पूर्वार्ध इतका मर्मावर बोट ठेवणारा आहे की त्याचे उत्तर नीट मिळाले, तर उत्तरार्धाची बरीचशी गुंतागुंत सुटते. म्हणून तेलाकडे आणि गोळीकडे वळण्यापूर्वी हे रेणू शरीरात कुठे आणि कसे काम करतात ते पाहू.

आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असते, आणि त्या रेणूंत अ‍ॅराकिडॉनिक आम्ल नावाचे 20 कार्बन अणूंचे एक मेदाम्ल (फॅटी अ‍ॅसिड) बांधून ठेवलेले असते. पेशीला इजा झाली किंवा बाहेरून तसा रासायनिक इशारा मिळाला, की फॉस्फोलायपेज ए-2 हे विकर (एन्झाइम) त्या आम्लाला आवरणातून सोडवते. मोकळे झालेले आम्ल सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या तावडीत सापडले तर त्यापासून प्रोस्टाग्लॅन्डिने, प्रोस्टासायक्लिन किंवा रक्ताची गुठळी बांधायला लावणारे थ्रॉम्बॉक्सेन बनते. लायपॉक्सिजनेजच्या तावडीत सापडले तर ल्युकोट्रिन बनतात, ज्यांच्यामुळे दम्यात श्वासनलिका आवळल्या जातात. यांपैकी काहीही आधी बनवून साठवले जात नाही. गरज पडेल तिथे ते बनते, आजूबाजूच्या पेशींवर काम करते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत निकामी होते. थ्रॉम्बॉक्सेनचे अर्धायुष्य सुमारे 30 सेकंदांचे असते, आणि प्रोस्टाग्लॅन्डिन ई-2 रक्तात उतरलेच तर फुप्फुसांतून एकदा जातानाच त्यातील 90 टक्क्यांहून अधिक नष्ट होते. कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकेही कोलेस्टेरॉल या स्निग्ध पदार्थापासूनच बनतात, पण ती टपालाने गावोगाव जाणाऱ्या पत्रांसारखी रक्तावाटे सर्वदूर पोहोचतात. प्रोस्टाग्लॅन्डिन म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजारणीला मारलेली हाक.

त्यामुळे प्रोस्टाग्लॅन्डिन चांगले की वाईट हा प्रश्न, ‘कुठले?’ हे सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. ई-2 हा एकच रेणू घ्या. त्याला ओळखणारे चार प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) वेगवेगळ्या पेशींवर असतात आणि प्रत्येक ग्राहीमार्फत त्याचा परिणाम निराळा होतो. सासूबाईंच्या गुडघ्यात तो मज्जातंतूंची टोके हळवी करतो. मुळात दुखायला नको इतकासा जिन्याच्या पायरीचा दाब त्यामुळे दुखू लागतो. मेंदूत तोच ताप चढवतो. जठरात तो आतल्या अस्तरावर श्लेष्माचा थर टिकवतो, आम्ल कमी करतो आणि तिथला रक्तपुरवठा राखतो. मूत्रपिंडात तो आत येणारी बारीक रक्तवाहिनी रुंद ठेवतो, जेणेकरून शरीरात पाणी कमी पडले तरी रक्त गाळण्याचे काम थांबू नये. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी डॉक्टर वापरतात ती जेलही याच रेणूची असते, आणि गर्भातील बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राखण्यात त्याचाच मोठा वाटा असतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात डायक्लोफेनॅकच्या जातीच्या, म्हणजे ही रसायने बनू न देणाऱ्या, वेदनाशामक गोळ्या टाळायला सांगतात ते यासाठी. शरीर ही रसायने का बनवते, याचे उत्तर एवढे पुरे.

आता दिरांचा युक्तिवाद. त्यांच्या साखळीतील बहुतेक कड्या खऱ्या आहेत, हे आधी मान्य करते. सोयाबीन, सूर्यफूल, करडई यांच्या तेलांत लिनोलिक आम्ल हे ओमेगा-6 मेदाम्ल भरपूर असते, आणि शरीर त्याच्यापासून अ‍ॅराकिडॉनिक आम्ल बनवू शकते. घोटाळा होतो तो त्यापुढे, जेव्हा ‘बनवू शकते’ याचा अर्थ ‘जितके खाल तितके बनवते’ असा घेतला जातो. हे रूपांतर शरीर फार कडक नियंत्रणाखाली ठेवते. प्रौढ माणसाच्या आहारात लिनोलिक आम्ल कमी-जास्त केले तरी ऊतींतील अ‍ॅराकिडॉनिक आम्लाची पातळी फारशी हलत नाही. शिवाय पेशींच्या आवरणांत त्याचा साठा आधीपासूनच मुबलक असतो. किती प्रोस्टाग्लॅन्डिन बनेल हे मुख्यतः त्या ठिकाणची विकरे किती जागी झाली आहेत यावर ठरते, आणि झिजलेल्या गुडघ्यात ती जागी होण्याचे कारण तिथल्या कूर्चेत आणि सांध्याच्या अस्तरात असते, कढईत नसते. जाता जाता एवढेच सांगते की तुपात ओमेगा-6 अगदीच थोडे असते, त्यामुळे दिरांच्याच तर्काने पाहिले तरी बिचाऱ्या तुपाला शिक्षा कोणत्या कलमाखाली झाली ते मला समजले नाही. सासऱ्यांच्या हृदयासाठी तूप बेताने खावे, बाफले (माळव्यातील गव्हाचे भाजलेले गोळे) दर रविवारी तुपात बुडवू नयेत, हे ठीक. पण तो मुद्दा वेगळा.

स्निग्ध पदार्थ पूर्ण वर्ज्य केले तर काय होते, हे शंभरेक वर्षांपूर्वीच पाहून झाले आहे. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात उंदरांना पूर्णपणे स्निग्धविरहित आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडीला आणि शेपटीला खवले आले, मूत्रपिंडे बिघडली आणि पुढे ते मेले. आहारात थोडेसे लिनोलिक आम्ल घातले की ते सुधारत. काही मेदाम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत आणि ती अन्नातूनच मिळावी लागतात, ही कल्पना तिथून रुजली. तुमच्या घरातील पाण्याच्या फोडणीने असे काही लगेच होणार नाही, कारण धान्य, डाळी, शेंगदाणे आणि दूध यांतूनही स्निग्धांश मिळत असतो. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. 72 वर्षांची बाई बेचव म्हणून ताट बाजूला सारत असेल, तर तिच्या मांड्यांचे स्नायू आणखी अशक्त होतील, आणि झिजलेल्या गुडघ्याला खरा आधार त्या स्नायूंचाच असतो. तेव्हा तेलाची फोडणी उद्यापासून पुन्हा सुरू करा. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे आणि ज्या माळव्यात सोयाबीनचीच शेते पसरली आहेत, तिथल्या घरात सोयाबीनच्या तेलाची धास्ती बसावी याची गंमतही वाटते. त्या तेलात सुमारे 50 टक्के लिनोलिक आम्ल असते हे खरे, पण सुमारे 7 टक्के ओमेगा-3 देखील असते, जे शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलात जवळजवळ नसते.

जवसाबद्दल दिरांचे थोडे तरी बरोबर आहे. सूज चढवणारे जसे संदेश असतात, तसे ती उतरवणारेही असतात, आणि सूज आपोआप विरत नसून तिला उतरवण्याचे कामही शरीर रेणू पाठवून करते, हे गेल्या दोन-तीन दशकांत स्पष्ट झाले आहे. हार्वर्डचे चार्ल्स सेऱ्हान यांच्या गटाने वर्णन केलेली रिझॉल्व्हिने याच कामाची, आणि ती इकोसापेंटानोइक व डोकोसाहेक्सानोइक या ओमेगा-3 मेदाम्लांपासून बनतात. मात्र ही दोन मेदाम्ले मिळतात माशांत. जवसात त्यांचे पूर्वरूप असते, ज्याचा अगदी थोडा भागच शरीर पुढे पहिल्या आम्लात बदलते आणि दुसऱ्यात त्याहूनही कमी. तेव्हा कॅप्सूलवर पैसे घालून गुडघा सुधारेल अशी आशा धरू नये. जवसाची चटणी भाकरीबरोबर जरूर खावी, ती चवीला उत्तम असते आणि तिचा तंतू पोटाला चांगला. एवढेच श्रेय तिला देऊन थांबू.

आता गोळीकडे येते, कारण दिरांचा निष्कर्ष चुकीच्या वाटेने आलेला असला तरी गोळीबद्दलची शंका अनाठायी नाही. अ‍ॅस्पिरिन 1899 पासून बाजारात होती, पण ती काम कशी करते हे लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवेपर्यंत कोणालाच माहीत नव्हते. ती प्रोस्टाग्लॅन्डिनांची निर्मितीच रोखते, असे त्यांनी सिद्ध केले. 1982 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना सूने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह मिळाले. त्यासाठी ती सायक्लोऑक्सिजनेज हे विकर अडवते; डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनही तेच विकर अडवतात. अडचण अशी की रक्तातून फिरणाऱ्या गोळीला गुडघा कुठे आणि जठर कुठे हे कळत नाही. गुडघ्यातील हाक बंद करताना ती जठरातील आणि मूत्रपिंडातील हाकही बंद करते. अन्नावर गोळी घेतली की पोट सुरक्षित राहते, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. जळजळ त्याने कमी होत असेल, पण व्रण मुख्यतः रक्तातून पोहोचलेल्या औषधामुळे होतो, आणि म्हणूनच इंजेक्शनाने घेतलेले डायक्लोफेनॅकही जठराला अपाय करू शकते.

सासूबाईंच्या बाबतीत मला पोटापेक्षा मूत्रपिंडाची चिंता अधिक वाटते. टेल्मिसार्टन मूत्रपिंडातून बाहेर जाणारी वाहिनी सैल करते, लघवीचे औषध शरीरातील पाणी कमी करते, आणि डायक्लोफेनॅक आत येणारी वाहिनी आवळू देते. तिन्ही एकत्र आली की गाळण्यासाठी लागणारा दाबच उरत नाही. एरवी हे निभावूनही जाते. मे महिन्यात इंदूरचा पारा 40 च्या वर असताना जुलाब झाले, किंवा सासूबाईंनी निर्जळी एकादशी धरली, की तेच दोन दिवसांत अंगाशी येऊ शकते. (डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली आणि 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे अनेकांना आठवत असेल. माणूस त्याबाबत गिधाडाइतका नाजूक नाही, पण मूत्रपिंडाकडे दुर्लक्ष करण्याइतका दणकटही नाही.)

म्हणून ‘तेल की गोळी’ या प्रश्नाऐवजी डॉक्टरांपुढे असा प्रश्न ठेवा की, ही गोळी रोज, दोन वेळा, या दोन औषधांसोबत लागतेच का? भेटीला जाताना दोघांच्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या. नावे तोंडी सांगताना एखादी हमखास सुटते. सासूबाईंचे क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते), पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या; या साध्या तपासण्या इंदूरच्या सरकारी एम. वाय. रुग्णालयातही होतात आणि कोणत्याही प्रयोगशाळेतही. दरम्यान रोजची गोळी थांबवून डायक्लोफेनॅकचीच जेल गुडघ्यांवर दिवसातून तीन-चार वेळा लावून पाहता येईल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. जेलमधून रक्तात उतरणारे औषध गोळीच्या तुलनेत फारच थोडे असते, म्हणजे गोळीला जी जागेची निवड करता येत नाही ती इथे आपण करतो. गुडघा कातडीच्या जवळ असल्याने त्याला ही जेल चांगली लागू पडते. खुब्याच्या सांध्याला तितकी पडत नाही. डायक्लोफेनॅकची गोळी थांबवण्यासाठी ती हळूहळू कमी करत नेण्याची गरज नसते. दुखणे वाढेल, एवढेच. मात्र घरात कुठली बिननावाची ‘देशी’ पुडी किंवा वड्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते, जे या संदेशांची साखळी आणखी वरच्या पायरीवर तोडते आणि एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

जेलने भागले नाही आणि डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी पाहून अधूनमधून गोळी घेण्यास परवानगी दिली, तर ती जिने चढण्या-उतरण्याच्या दिवसांपुरती, कमीत कमी मात्रेत, आणि जठरासाठी पॅन्टोप्रॅझोलसारख्या औषधाच्या सोबतीने घ्यावी. हे सोबतचे औषध मूत्रपिंडाला मात्र वाचवत नाही. जुलाब, उलट्या, ताप किंवा निर्जळी उपवासाच्या दिवशी गोळी नको. त्या दिवशी रक्तदाबाच्या औषधांचे काय करायचे हेही आधीच विचारून ठेवा. मिश्र गोळीत पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे वरून वेगळी पॅरासिटामॉल घेताना दिवसाची एकूण मात्रा मोजली पाहिजे. आणि व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ करून काही क्षण धरून ठेवणे, हळूहळू संख्या वाढवणे, जमिनीवर मांडी घालून बसणे टाळणे, ज्या गुडघ्याला त्रास जास्त त्याच्या विरुद्ध हातात काठी धरणे, हे सगळे वाचताना क्षुल्लक वाटते, पण गुडघ्याच्या झिजेत गोळीपेक्षा टिकाऊ फायदा याचाच असतो. एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीनदा नीट शिकून घ्यावे.

सासऱ्यांचे प्रकरण तुम्ही पत्रात दोन ओळींत उरकले आहे. मला ते अधिक निकडीचे वाटते. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधील, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या रक्तकणिकांमधील, सायक्लोऑक्सिजनेज कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ती नवे विकर बनवू शकत नाही, आणि तिच्या 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यातील उरलेल्या काळात थ्रॉम्बॉक्सेन जवळजवळ बनतच नाही. 75 मिलिग्रॅमसारखी लहान मात्रा पुरते ती यामुळे. आयब्युप्रोफेन त्याच विकराच्या त्याच खाचेत बसते, पण तात्पुरते. ते आधी जाऊन बसले तर अ‍ॅस्पिरिनला जागा मिळत नाही. काही मिनिटांतच अ‍ॅस्पिरिन रक्तातून ओसरू लागते, आणि तासाभरात तिचा बराचसा भाग नाहीसा होतो. पुढे काही तासांनी आयब्युप्रोफेनही निघून जाते, आणि प्लेटलेट पुन्हा गुठळी बांधायला मोकळी होते. म्हणजे कंबरेसाठी घेतलेली गोळी स्टेंटचे संरक्षण काढून घेऊ शकते. सासूबाईंच्या पाकिटातील डायक्लोफेनॅकही त्यांनी घेऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी ते टाळावे, असे युरोपातील औषधनियामक संस्थेने 2013 मध्येच बजावले आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बनणारे प्रोस्टासायक्लिन गुठळी रोखते, आणि अशी औषधे तेच कमी करतात. याच कारणाने रोफेकॉक्सिब हे पोटाला सौम्य म्हणून गाजलेले औषध 2004 मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले होते. तेव्हा मेडिकलमध्ये कोणी ‘ही पोटाला हलकी’ म्हणून त्याच जातीची एटोरिकॉक्सिब पुढे केली तर ती दोघांसाठीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्या गोळीने रक्तदाब वाढतो, आणि मूत्रपिंडाचा धोका तिच्यातही तसाच असतो. सासऱ्यांच्या कंबरेसाठी शेक आणि योग्य मात्रेत पॅरासिटामॉल हे पहिले उपाय आहेत. अ‍ॅस्पिरिन मात्र कोणाच्याही सांगण्यावरून, घरच्या इंजिनियरच्या तर नाहीच, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नये.

दिरांना हे पत्र दाखवायला माझी हरकत नाही. त्यांनी कुतूहलाने वाचले आणि आई-वडिलांच्या काळजीने सांगितले, त्यात वावगे काही नाही. फक्त एका रेणूचा सगळा संसार एका ‘सूज’ या शब्दात कोंबला गेला. सासूबाईंशी बोलताना मात्र ‘गोळी बंद’ हे शब्द टाळा. ज्या गोळीने आपण जिना चढतो ती काढून घेणार, अशी भीती बसली की माणूस लपवून गोळी घेऊ लागतो, आणि मग आपण डॉक्टरांना सांगतो ते सगळेच चुकीचे ठरते. जेल लावून आठवडाभर पाहू, एवढाच प्रस्ताव ठेवा.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत काही खुणांवर लक्ष असू द्या. शौच डांबरासारखी काळी होणे, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवी एकदम कमी होणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, एकाएकी वाढलेला थकवा किंवा धाप, यांपैकी काहीही सासूबाईंना दिसले तर गोळी त्याच क्षणी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सासऱ्यांना छातीत दाटले, घाम फुटला किंवा डावा हात भरून आला तर वेदनाशामक शोधत बसण्यापूर्वी 108 ला फोन करावा.